आगोटीतला कॉम्प्युटर

सुमनकाकूंनी मला मदत केली. हे आधी लिहून टाकतो, कारण सांगता सांगता मी प्रोसेसर, पंखे, वायरी यांतच रमतो आणि माणूस मागे राहतो. सुमनकाकू म्हणजे शिरगावच्या पुढे सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारावर, राहणाऱ्या शिवलकरकाकू. त्यांनी मला कैऱ्यांसाठी आणलेलं मीठ दिलं, कलमासाठी आणून ठेवलेली माती दिली, आणि माझी बॅग भरून झाली होती तेव्हा ती परत उघडायला लावली. शिवलकरकाकांनीही मदत केली, पण ते म्हणतात, “माझं नाव मागाहून घाल. आधी तिचं घाल. मला त्याच घरात जेवायचं असतं.” म्हणून आधी काकू.

आज हे सगळं वर आलं ते आगोटीमुळे. कोकणाबाहेर वाचणाऱ्यांना हा शब्द नवा वाटेल, मलाही होता. पाऊस लागायच्या आधीचे घाईचे दिवस म्हणजे आगोट, आणि त्या दिवसांत चार महिन्यांसाठी घरात जे भरून ठेवायचं तेही आगोटच. मे महिना उतरणीला लागला की रत्नागिरीत सगळ्यांना एकदम कामं आठवतात. अंगणात आमसुलं वाळत पडतात. त्यांचा आंबट वास आणि सुक्या बोंबलांचा वास एकाच वाऱ्यावर येतो. लाकडं रचली जातात, पडवीला माडाच्या झावळ्यांचे झाप लागतात, पत्र्यांच्या भोकांवर डांबर पडतं. मी बाजारात कॉम्प्युटरच्या दुकानात काम करतो, तिथेही आगोट असते. गिऱ्हाइकं येतात आणि सांगतात, “पावसाच्या आधी मशीन घरी पाहिजे हां. मग लाइटीचं काय खरं नाही.” खोक्यांवर प्लॅस्टिक चढतं. हवा इतकी ओली असते की खोक्याला लावलेली चिकटपट्टी सकाळी सुटलेली दिसते.

बाकीच्यांना या दिवसांत घाई होते. मला भीती वाटते. मशीन चालू आहे, पोरगं खूश आहे, त्याचे वडील पैसे देऊन निघालेत, तरी मी दारापर्यंत जाऊन विचारतो, “घरी अर्थिंग तपासून घेतलंय ना?” अण्णा, म्हणजे दुकानाचे मालक, हसतात. “ह्याला देव भेटला तरी हा आधी अर्थिंग विचारील,” असं ते गिऱ्हाइकाला सांगतात. विचारीन की. का विचारीन ते त्यांनाही माहीत आहे.

मी मूळचा इथला नाही. उदगीरकडचा आहे. शाळा नववीत सुटली. मी सोडली की शाळेनं मला सोडलं, यावर आई आणि वडिलांचं अजून एकमत नाही. इंग्रजीच्या पुस्तकातली अक्षरं ओळखू यायची, पण ती एकत्र आली की माझ्याशी बोलायची नाहीत. मग गावातल्या एका मुकादमाबरोबर रस्त्याच्या कामावर निघालो. घाट उतरून खाली आलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की जमिनीला आवाज असतो. आमच्याकडे काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यात हात कोपरापर्यंत जातो. पावसाळ्यात चप्पल एकदा रुतली की ती तिथेच ठेवून पुढे जायचं. आवाज म्हणून नाही. इथे सड्यावर चाललं की पायाखाली उपडं मडकं ठेवल्यासारखं वाजतं. सगळा जांभा दगड. वर बोटभर माती, तीही पाऊस घेऊन जातो.

आमच्या टोळीला राहायला शिवलकरकाकांचा मांगर भाड्याने मिळाला होता. मांगर म्हणजे घरापासून जरा बाजूला असलेली, लाकडं, पेंढा, अवजारं ठेवायची खोली. तिथे आम्ही पथाऱ्या टाकायचो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाकीचे झोपायचे आणि मी मोबाइलवर कॉम्प्युटर जोडायचे व्हिडिओ बघायचो. गेम खेळायचे मोठे कॉम्प्युटर, काचेच्या पेटीत, आत लाल-निळे दिवे. कुणीतरी हलक्या हाताने एकेक भाग बसवतोय आणि शेवटी बटण दाबतोय. मला त्या गेमचं एवढं नव्हतं. बटण दाबल्यावर सगळं एकदम जागं व्हायचं, ते बघायला आवडायचं. व्हिडिओतली भाषा निम्मी कळायची नाही. हात मात्र कळायचे. तेच तेच बघून मला रॅमची पट्टी बसताना होणारा टक् असा आवाजसुद्धा पाठ झाला होता, आणि तोपर्यंत मी खऱ्या कॉम्प्युटरला एकदाही हात लावला नव्हता.

काका बोटीवर होते. इथे जहाजावरच्या नोकरीला बोटीवर असणं म्हणतात. जन्म सगळा दर्यावर गेला, सुकाणू धरण्यात. निवृत्त होऊन घरी बसले तर गुडघ्यांनी संप केला. पडवीत खुर्ची टाकून लांबवर दिसणाऱ्या समुद्राच्या पट्टीकडे बघत बसायचे. त्यांच्या मोबाइलमध्ये काहीतरी अडकलं की मला हाक. एकदा मी तो दुरुस्त करत असताना त्यांना एक व्हिडिओ दिसला. जहाज चालवायचा गेम. खरी बंदरं, खरे दिवे, खऱ्यासारखा वारा. काका पुढे वाकले. म्हणाले, “हा बंदरात शिरतोय तो चुकीचा शिरतोय. आपटणार.” आणि तो आपटला.

“बालाजी, हे आपल्याला घरात करता येईल?”

मी म्हणालो, “येईल, पण साध्या कॉम्प्युटरवर अडकत अडकत चालेल. गेमसाठीचाच जोडावा लागेल. लाटा काढायला ग्राफिक्स कार्ड मोठं लागतं.”

आतून काकू आमसुलांनी भरलेलं सूप घेऊन येत होत्या. “लाटा बघायला कार्ड? ती खिडकी उघडा, दिसतायत लाटा. फुकट आहेत.”

“त्या लांबून दिसतात.”

“एवढी वर्षं जवळून बघितल्यात ना? पोट नाही भरलं?”

काका माझ्याकडे वळले. “तू एवढे दिवस त्या पेट्या बघतोस ना दुपारभर? मग आता कामाला लाव ते शिक्षण.”

त्यांनी शिक्षण म्हटलं, चेष्टेने नाही. माझ्या बाबतीत तो शब्द कुणी वापरल्याला बरेच दिवस झाले होते. मी लगेच हो म्हणालो, आणि मांगरात जाऊन तेच व्हिडिओ परत पहिल्यापासून बघायला लागलो.

*

निवड म्हणजे काय ते मला त्या आगोटीत कळलं. व्हिडिओत सगळं आधीच निवडलेलं असतं. इथे काकांनी एक रक्कम सांगितली होती, तिच्या बाहेर जायचं नव्हतं. एक भाग मोठा घेतला की दुसरा लहान व्हायचा. या प्रोसेसरला तो मदरबोर्ड चालत नाही. त्या मदरबोर्डला जुनी रॅम चालत नाही. कार्ड लांब, पेटी आखूड. मी कार्डाची लांबी मोबाइलवर वाचली आणि खात्री पटेना म्हणून काकूंची शिवणाची टेप घेऊन ती हवेत धरून बघितली. मग पेटीची धरली. मग परत कार्डाची.

काकू सुपारी कातरत बघत होत्या. “झंपर शिवतोयस की काय त्याला?”

“मावतंय का बघतोय, काकू.”

“दोन अंगठे जास्त धर. अंगाबरोबर शिवलेलं कधी होत नाही.”

मी दोन अंगठे जास्त धरले. पुढे त्या जागेतून वायरी नेता आल्या. आजही मी गिऱ्हाइकाला पेटी सांगताना तेवढी जागा मोकळी धरतो. त्याचं कारण मात्र सांगत नाही.

पेटीवरून मी भांडलो. मला काचेची हवी होती, दिव्यांची. मोबाइलवरचं चित्र मी काकूंना दाखवलं, कौतुक करतील म्हणून. त्यांनी ते बघितलं आणि एकच विचारलं, “ह्याला गंज चढेल का?”

एवढ्या व्हिडिओंत हा प्रश्न एकाही माणसाने विचारला नव्हता. ते सगळे थंड, कोरड्या खोल्यांत बसलेले. आमच्या गावात तर लोखंडाची पहार वर्षभर शेतात पडून राहते, तिला काही होत नाही. पण शिवलकरांच्या घरात खिडकीचे गज दर वर्षी रंगवावे लागतात, कुलपं खोबरेल घालून उघडावी लागतात, आणि आषाढात मिठाच्या बरणीत पाणी होतं. वारा समुद्रावरून मीठ घेऊनच येतो. मी त्याच वाऱ्याला पाच पंखे लावून आत ओढणार होतो. मग पेटी साधी घेतली, रंगाचा थर जाड असलेली, पुढे धुता येईल अशी जाळी असलेली. दिवे गेले. काकांनी नंतर माझी समजूत काढली, “दिवे बंदरात असतात. बोटीवर कमीच असलेले बरे.”

काकांचं लक्ष वेगळीकडे होतं. मी सगळा जोर कार्डावर लावत होतो आणि पॉवर सप्लाय स्वस्तातला बघत होतो, कारण तो कुणाला दिसत नाही. त्यांनी ते बरोबर पकडलं. “इंजिन मोठं आणि जनरेटर छोटा? अशी बोट आमच्याकडे कुणी बाहेर काढली नसती.” सप्लाय चांगला घेतला, कार्ड एक पायरी खाली आणलं. शिवाय एक पंखा जास्तीचा, न लावता नुसता ठेवायला. मी म्हणालो, लागला तर मागवता येईल. ते म्हणाले, “भरसमुद्रात कुठून मागवणार?” घरात बसून ते भरसमुद्रात बोलायचे. मला ते आवडायचं. तीही एक आगोटच की.

सामान अण्णांकडून मागवायचं ठरलं. मी भागांची यादी घेऊन त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. अंगावर रस्त्याची धूळ, नखांत डांबर.

“निवडलंय कुणी हे?”

“मी.”

“कुठे शिकलास?”

मी खरं ते सांगितलं. अण्णांनी एकेक भाग परत वाचला. शेवटी म्हणाले, “आमच्याकडे जोडणारा पोरगा मुंबईला गेला. मला कागद नको, पण काम दिसायला हवं. हे मशीन तू जोड, मी हात लावणार नाही. नीट चाललं तर पावसाळ्यापासून ये दुकानात. नाही चाललं तर आपली ओळख नाही.”

रस्त्याचं काम पावसात बंद होणार होतं. मुकादम टोळी घेऊन गावाला परतणार होता, पुढचं काम कुठलं ते त्यालाच माहीत नव्हतं. गावाकडे माझी वाट बघणारं काय होतं? आई, आणि वडिलांचं ते बोलणं, की जिथे जातो तिथून परत येतो. म्हणजे त्या पेटीत काकांचं जहाज होतं आणि माझं राहणं होतं. दोन्हीसाठी बटण एकच.

*

खोकी आली. मी कामावर होतो, म्हणून काकूंनी ती उतरवून घेतली आणि जिथे घरातली सगळ्यात कोरडी जागा, तिथे नेऊन ठेवली. चुलीच्या वरच्या माळ्यावर. शेजारी सुकट, बोंबील, मिरच्या, पापडाचे डबे. ओल लागू नये ती वस्तू तिथेच जाते, हा त्या घराचा नियम. मी संध्याकाळी खोकं उघडलं तर मदरबोर्डाला सुकटीचा वास.

“वास जाईल,” काकू म्हणाल्या. “ओल गेली नसती.”

त्यांचं बरोबरच होतं. पण अजूनही त्या मशीनचा पंखा जोरात फिरायला लागला की मला भूक लागते.

जोडायला मी रविवार घेतला. दार बंद करून, पंखा बंद करून, हात साबणाने धुऊन. काका खुर्चीत, हातांची घडी घालून, जणू मी जहाज बंदराला लावतोय. प्रोसेसर बसवायच्या आधी मी दोनदा बाहेर जाऊन आलो. रॅमची पट्टी बसली आणि खरंच टक् झालं. सगळं लावून झालं. बटण काकांना दाबायला सांगितलं. ते म्हणाले, “जोडलंस तू, दाब तू.”

दाबलं. पंखे फिरले, पडदा उजळला. मी खाली फरशीवरच बसलो. पुढचे काही तास गेम उतरवून घेण्यात गेले. नेट सड्यावर येतं तेव्हा येतं. दुपारी काकांनी पहिलं जहाज धक्क्यापासून सोडलं. ओठ हलत होते, स्वतःलाच हुकूम देत होते. काकू चहा घेऊन आल्या. फरशी नुकतीच पुसलेली, पाय ओले. कप ठेवायला जागा करावी म्हणून त्यांनी पेटी जरा सरकवली आणि कप टाकून दोन पावलं मागे गेल्या.

“चावला रे मेला!”

मी पेटीला हात लावून बघितला. झिणझिण्या. मुंग्या चढाव्यात तशा, दंडापर्यंत. मी पटकन प्लग काढला. काकू हसत होत्या, काही झालेलं नव्हतं, पण त्या हात चोळत होत्या आणि मला त्याच हाताकडे बघवत नव्हतं.

अण्णांना फोन केला. ते म्हणाले, “पेटीत करंट उतरतोय म्हणजे सप्लायमध्ये खोट, नाहीतर कुठेतरी वायर दाबलीस. बदलून मागवायचा तर पाऊस येईल.” मग म्हणाले, “बघ बाबा.” त्या ‘बघ बाबा’चा अर्थ मी माझा लावला. सगळं खोलून परत जोडलं. एकही वायर दाबलेली नव्हती. परत चालू केलं, परत झिणझिण्या.

मुकादमाची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. मी मांगरात गेलो आणि बॅग भरली. भरायला वेळ लागला नाही.

काकू मांगराच्या दारात आल्या. टोळीतल्या सगळ्यांसाठी वाटेत खायला म्हणून आंब्याच्या साठांची पुडी बांधली होती.

“तुझी बॅग कशाला भरलीस?”

“काकू, चुकलं माझ्याकडून काहीतरी. काय ते कळत नाही. तुम्हाला आणखी काही झालं असतं तर.”

“मला तर काय झालं नाही. आमच्या वॉशिंग मशीनला हात लावलास कधी? ती पण चावते. मी लाकडाच्या पाटावर उभी राहून कपडे घालते.”

त्या हे इतक्या सहज बोलल्या की मला कळायला वेळ लागला. पण पडवीतल्या खुर्चीवरून काकांनी ते ऐकलं होतं. “काय म्हणालीस? पाटावर? कधीपासून?”

“झाली की वर्षं. तुम्ही बोटीवर होता.”

काकांनी मला एक बल्ब, होल्डर आणि वायरचे दोन तुकडे आणायला लावले. रबरी चपला घातल्या, मला लांब उभं केलं. एक वायर विजेच्या तारेला, दुसरी भिंतीतल्या अर्थिंगच्या तारेला. म्हणाले, “अर्थिंग जिवंत असेल तर बल्ब लख्ख लागेल.” बल्बमधली तार नुसती लालसर झाली, विझत आलेल्या उदबत्तीसारखी. “तुझ्या सप्लायला काही झालेलं नाही. आमच्या घराला जमीनच नाही.”

घर बांधताना अर्थिंगचा खड्डा जांभ्यात जेमतेम हातभर खणला होता. कातळ फोडायला कुणाला वेळ होता? आणि त्या मे महिन्यात तो ठणठणीत कोरडा. मशीनमधली जादा वीज जमिनीत जायची ती वाट न मिळाल्याने पेटीच्या पत्र्यावर येऊन थांबत होती. आमच्याकडे काळ्या मातीत लोखंडाची कांब नुसती ठोकली तरी काम होतं. जमीन वीज घेत नाही, असं काही असू शकतं हे माझ्या डोक्यात यायलाच जागा नव्हती. एकेक भाग निवडताना मी झोप घालवली. ज्याच्यावर सगळं उभं राहणार ती जमीन मी न बघता घेतली होती.

वायरमन चिपळूणला मुलीकडे गेला होता. फोनवर त्याने काकांना सगळं सांगितलं, आणि म्हणाला, खड्डा खणायला माणूस बघा, कातळ आहे.

काका माझ्याकडे बघायला लागले. मी हसलो. त्या दिवसात पहिल्यांदा. कॉम्प्युटर मला येत होता की नाही ते देव जाणे, पण पहार मला येत होती.

*

सकाळी उजाडताच सुरू केलं. जांभा वरून कडक, आत मऊ लागतो. पण त्या मऊपर्यंत जाताना हात सुजतात. पहारीचा प्रत्येक घाव मनगटातून वर येत होता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि खाली लाल भुकटी. कमरेइतक्या खोल खड्ड्यात बसून मी भुकटी उपसत होतो तेव्हा रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मुकादम. परत वाजला. मी वर बघितलं. माझी बॅग मांगराच्या दारात भरलेलीच होती. मशीन चालेल की नाही हे त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं. आणि खड्ड्यातून मला फक्त आकाश आणि काकूंच्या साडीचा काठ दिसत होता.

तो काठ रस्त्याच्या दिशेने गेला. काकूंचा आवाज ऐकू आला.

“तो येत नाही.”

“का हो काकू? त्यानंच सांगितलं येतो म्हणून.”

“खड्ड्यात आहे तो. जा तुम्ही. साठं घेतलीत ना?”

गाडी गेली. मी पहार टेकवून उभा. काकू परत आल्या, वाकून खड्ड्यात बघितलं.

“काकू, नाही चाललं तर?”

“नाही चाललं तर मांगर आहे. पावसाळ्यात लाकडं आणायला माणूस लागतोच. आणि आता ती बॅग उघड, कपड्यांना कुबट वास येईल.”

तेवढंच बोलल्या. त्यांना त्यात मोठं काही वाटलं नसावं. मला मात्र पहार परत उचलायला थोडा वेळ लागला.

खड्ड्यात तांब्याची पट्टी सोडली, तिची तार काकांनी भिंतीतल्या अर्थिंगच्या तारेला जोडली. आता भरायला कोळसा, मीठ आणि माती. कोळसा काकूंच्या चुलीतला, पोत्यात साठवलेला. मीठ म्हणजे कैऱ्या खारवायला आणलेलं जाड मीठ. ते काकूंनी पाटीत ओतून दिलं. पण माती? सड्यावर माती कुठली? काकांनी पावसात आंब्याचं एक कलम लावायचं म्हणून खालच्या मळ्यातून टेम्पोभर चिकण माती आणवली होती. इथे कलम लावायचं तरी आधी कातळ फोडायचा आणि दुसरीकडून माती आणून भरायची, तेव्हा ते मूळ धरतं.

“कलमाचं काय?” काकांनी विचारलं.

“पुढल्या वर्षी लावा,” काकू म्हणाल्या. “आधी हे लावूया.”

एक थर कोळसा, एक थर मीठ, एक थर माती. वरून काकूंनी स्वतः विहिरीचं पाणी ओतलं. माती ते शांतपणे पीत गेली. मला आमच्या शेताचा वास आला. खरंच आला.

दुपारी बल्ब लख्ख लागला. पेटीवर मी आधी माझा हात ठेवला, उलटा. काही नाही. मग काका. काकूंनी पाय मुद्दाम ओले करून यायची तयारी दाखवली, त्यांना काकांनी ओरडून थांबवलं. काकूंनी आधी वॉशिंग मशीनला हात लावला, मग तो पाट उचलून चुलीजवळ नेला. आता त्याच्यावर बसून त्या भाकरी करतात.

अण्णा दुसऱ्या दिवशी आले. पेटी उघडून वायरी कशा बांधल्यात ते बघितलं. काका जहाज वळवत होते, त्यांच्या मागे उभे राहिले. जरा हुंगलं. “वास कसला येतोय?”

“सुकटीचा,” काकू म्हणाल्या. “जेवून जा. आणि ह्याला कधीपासून पाठवू?”

*

त्या पावसाळ्यात मी दिवसा दुकानात आणि संध्याकाळी सड्यावर. बाहेर झापांवर पाऊस, आत काका एकेक बंदर घेत होते. काकू नावं ठेवायच्या, पण स्वयंपाकघरातून उठून मागे येऊन उभ्या राहायच्या. एकदा त्यांनी विचारलं, “आपल्या शैलाच्या बारशाला तुम्ही कुठे होता?” शैला त्यांची मुलगी, आता पनवेलला असते.

काका विचारात पडले. “डर्बन असेल.”

“काढा बघू.”

काकांनी डर्बन काढलं. जहाज हळूहळू आत घेतलं. धक्का आला, क्रेन आल्या, पलीकडे इमारती. काकू पदर सावरत पुढे आल्या, बघत राहिल्या.

“हे एवढंच?”

“एवढंच.”

“आणि इथून तुम्हाला येता येत नव्हतं.”

काकांनी कीबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला. पडद्यावरचं जहाज हळूहळू धक्क्याला घासत गेलं. जन्मभरात बोट कधी घासली नाही म्हणून सांगणारा माणूस. काकूंनीच शेवटी म्हटलं, “आपटली बघा. धरा नीट.” आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. तेव्हापासून त्या तिथेच बसतात. काका चालवतात, त्या विचारतात. कुठली दिवाळी कुठे, कुठला गणपती कुठे. मी ती पेटी गेमसाठी जोडली होती. ती कशासाठी लागणार आहे हे निवडताना कळत नाही, एवढं मी आता शिकलोय. म्हणून गिऱ्हाइकाला मी विचारतो ते सगळं विचारतो, आणि वर दोन अंगठे जागा सोडतो.

आता मी बाजाराजवळ खोली घेतली आहे. आईला पैसे जातात. वडील फोनवर विचारतात, “तिथंच का अजून?” आवाजात आता वेगळं काहीतरी असतं. आगोट आली की मी सड्यावर जातो आणि खड्ड्यात पाणी ओततो, मिठाची भर घालतो. उन्हाळ्यात तो सुकू द्यायचा नसतो. शेजारी त्याच्या पुढच्या वर्षी लावलेलं कलम उभं आहे. काका म्हणतात खड्ड्याचं मीठ त्याला बाधेल, काकू म्हणतात काही होत नाही. यंदा त्याला थोडा मोहोर आला होता.

परवा पाणी ओतत होतो तेव्हा काकू पायरीवर बसल्या होत्या. त्यांचेही गुडघे आता बोलायला लागलेत. म्हणाल्या, “ह्यांनी दुनिया बघितली. मी हेदवीच्या गणपतीपलीकडे गेले नाही, आणि इकडे राजापूर. तुझ्याकडे म्हणे नुसती मातीच असते? दगड नाहीच?”

“नाहीच, काकू. हात घातला तर कोपरापर्यंत जातो.”

“खोटं.”

“खरंच.”

त्यांनी बादलीतल्या उरलेल्या पाण्याने हात धुतले आणि आत गेल्या. मी तिथेच उभा राहिलो.

आमच्याकडे येळवस असते. मार्गशीर्षातली अमावस्या. सगळं गाव त्या दिवशी शेतात जेवतं. कडब्याची खोप करतात, भाज्या-शेंगांची भज्जी करतात, मडक्यातली आंबील पितात. पाहुण्याला आधी वाढतात. काकू, तुम्हाला मी एका येळवसेला आमच्या शेतात नेणार आहे. अजून माझं तेवढं झालेलं नाही, गाडी करून न्यावं लागेल, तुमचे गुडघे, काकांचं जेवण, सगळ्याची मला आतापासून काळजी लागली आहे. पण नेणार. बांधावर पाट टाकून बसवीन. आई वाढेल. तुमचा हात धरून मी तो काळ्या मातीत घालीन, कोपरापर्यंत. आणि कलमासाठी तिथली एक पोतं माती गाडीत टाकून देईन. तुमची जी घेतली, तिच्या जागी.